कासवाचं फडकं

हेरंब पांढरीपांडेच्या घराला किल्ली लागत नसे, आणि ही गोष्ट तो पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत असे. "किल्ली ही गेल्या शतकातली वस्तू आहे," असं म्हणून तो दारावरच्या काळ्या चौकोनावर अंगठा टेकवायचा, कुलूप गोड आवाजात "स्वागत है" म्हणायचं आणि पाहुणे माना डोलवायचे. कधीकधी दोन-तीनदा अंगठा टेकवल्याशिवाय कुलपाला स्वागत सुचत नसे, पण तेवढं हेरंब सांगत नसे.

चंदीगडच्या सेक्टर तीसमध्ये, ग्रेवाल आंटींच्या कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, वरच्या मजल्यावर हेरंब, त्याची बायको नेत्रा आणि मुलगी आश्लेषा भाड्याने राहत. हेरंब जवळच्याच एका सरकारी प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणं बनवायचा. तिथे तो कशावरच विश्वास ठेवायचा नाही, सगळं स्वतः मोजून पाहायचा. घरी आला की मात्र खोक्यावर छापलेलं अक्षर न् अक्षर त्याला खरं वाटायचं. त्यामुळे घरात माणसं तीन आणि हुशार वस्तू भरमसाट अशी परिस्थिती झाली होती. पडदे आपोआप सरकत. दिवे माणूस हलला की लागत आणि माणूस स्वस्थ बसला की विझत, म्हणून नेत्राला वाचता वाचता मधूनच हात हलवायची सवय लागली होती. दारावरची घंटा येणाऱ्याचा चेहरा ओळखायची. आणि एक गोल, चपटं यंत्र जमिनीवरून गुरगुरत फिरून घर झाडायचं आणि पुसायचं.

या वर्षी या घरात महालक्ष्म्या बसणार होत्या.

पांढरीपांड्यांच्या महालक्ष्म्या म्हणजे ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोन बहिणींचे पितळी मुखवटे. पणजोबांच्या आधीपासून ते अमरावतीला बसत आले होते. हेरंबच्या आई सरलाबाई सगळं रीतीप्रमाणे करत, पण आता त्यांचे गुडघे वाकेनात. मुखवटे कुणातरी एका मुलाकडे सोपवायचे होते. मोठा हेरंब चंदीगडला आणि धाकटा शिशिर नागपूरला. सगळा गोतावळा नागपूरच्या बाजूचा. "तिकडे पंजाबात कोण करणार त्यांचं?" असं जो तो म्हणायचा, आणि ते नेत्राच्या जिव्हारी लागायचं. लग्न झाल्यापासून एकही भाद्रपद न चुकवता ती आगगाडीचा तो लांबलचक प्रवास करून अमरावतीला गेली होती, पुरण वाटून वाटून तिचे खांदे भरून आले होते. थोरल्या सुनेचा मान आपल्याला मिळावा असं तिला मनापासून वाटत होतं, आणि या वर्षी तिने ते तोंडाने बोलूनही दाखवलं.

सरलाबाईंनी थोडा वेळ सुपारी कातरली आणि म्हणाल्या, "एक वर्ष तुझ्याकडे नेऊन पाहू. त्या जिथे जेवतील तिथे राहतील."

जेवतील हे अगदी शब्दशः घ्यायचं होतं. महानैवेद्य दाखवला की घरातल्या सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि दार लावून घ्यायचं, अशी त्यांच्याकडची रीत. माणसांच्या देखत देवी जेवत नाहीत. मुखवट्यांच्या पुढ्यात जमिनीवर कुंकवाचा पातळ थर पसरलेला असायचा, आणि थोड्या वेळाने दार उघडलं की त्यात एक इवलंसं पाऊल उमटलेलं दिसायचं. अमरावतीला ते दरवर्षी उमटे, आळीतल्या बायका ते पाहायला येत आणि हात जोडून जात. चंदीगडला पाऊल उमटलं तर महालक्ष्म्या हेरंबकडे, नाही उमटलं तर शिशिरकडे. यावर शास्त्रज्ञ म्हणून एक अक्षर बोलायचं नाही, हे नेत्राने हेरंबला आधीच बजावून ठेवलं होतं.

सरलाबाई आल्या, जिना चढता चढता दोनदा बसल्या आणि दारात पोचल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किल्ली कोणाकडे असते?"

"किल्लीच नाही आई. अंगठा लावायचा फक्त."

"आणि अंगठा नाही लागला तर?"

हेरंब हसला. कुलपाच्या खोक्यातून एक किल्ली आली होती, अगदीच अडीअडचणीसाठी. ती त्याने चपलांच्या कपाटाच्या खणातून काढून आईला दाखवली आणि परत खणात टाकली. "गंज चढेल तिला तिथेच," तो म्हणाला. सरलाबाईंनी खणाकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला.

गोल यंत्र पायात आलं तेव्हा त्यांनी पाय वर घेतले. "हे कासव काय करून राहिलंय इथे?"

"घर झाडतं, पुसतंही. पोटाखाली फडकं असतं, पाणी आपलं आपण घेतं. आई, पुढच्या पाच वर्षांत बघ, बाईमाणसाला वाकायची गरजच उरणार नाही."

"तू लहान होतास तेव्हापासून ऐकते आहे मी हे," सरलाबाई म्हणाल्या. "पहिली पाच वर्षं कधी संपली काही कळलं नाही."

तेव्हापासून त्या यंत्राला घरात सगळे कासव म्हणायला लागले.

पहिल्या दिवशी महालक्ष्म्यांचं आगमन. सुनेने मुखवटे हातात धरून उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, सासूने आतून विचारायचं, "कोण आलं?" आणि सुनेने म्हणायचं, "ज्येष्ठा-कनिष्ठा आल्या." नेत्रा नऊवारी नेसून, दोन्ही मुखवटे छातीशी धरून दारात उभी राहिली. सरलाबाईंनी आतून विचारलं, "कोण आलं?"

नेत्राने तोंड उघडायच्या आत दारावरची घंटा स्वच्छ आवाजात म्हणाली, "दरवाज़े पर दो अनजान व्यक्ति हैं."

त्याबरोबर घरातले सगळे फोन एका सुरात थरथरले. प्रत्येकाच्या पडद्यावर दोन पितळी चेहरे आले आणि खाली प्रश्न आला: पुलिस को सूचित करें?

आश्लेषाला हसू आवरेना. सरलाबाई मात्र हसल्या नाहीत. शेकडो वर्षांच्या ओळखीच्या देवींना या घराने अनोळखी ठरवलं होतं, आणि त्याचा अर्थ काय लावायचा हे त्यांनी मनातल्या मनात ठेवलं. "उद्या नैवेद्याला एकही फोन नको," एवढंच त्या म्हणाल्या. "आलेल्यांचेसुद्धा. सगळे परडीत घालायचे आणि आतल्या कपाटात ठेवायचे."

दुसरा दिवस रविवार होता. नेत्रा पहाटेपासून ओट्याशी होती. सोळा भाज्यांची भाजी, कढी, आंबील, पुरणपोळ्या, वडे. भाज्या चिरून आणि खोबरं खवून तिची बोटं सोलवटली होती. हेरंबकडे आरास होती. त्याने रंगीत दिव्यांची माळ झटपट चिकटणाऱ्या डिंकाने भिंतीला लावली. माळ थोडी चिकटली, त्याचे दोन्ही अंगठे पुष्कळ. सरलाबाईंनी बसल्या जागी होईल तेवढं केलं. सकाळी कासव त्यांच्या पायाशी येऊन थांबलं, तेव्हा त्यांनी ते उलटं केलं, पोटाखालचं मळकं फडकं ओढून काढलं, धुतलं आणि मागच्या बाल्कनीत वाळत घातलं. एवढ्या हुशार वस्तूला स्वच्छ फडकं मिळू नये याचं त्यांना नवल वाटलं.

दुपारी पाहुणे आले. विंग कमांडर अशोक राजूरकर, हवाई दलातले, बदलीवर इथे आलेले, आणि त्यांची बायको इंद्रायणी. इंद्रायणीताई इथल्या मराठी मंडळात पुढे असत, आणि मुख्य म्हणजे त्यांचं माहेर अमरावतीचं, पांढरीपांड्यांच्याच आळीतलं. या घरात जे घडेल ते संध्याकाळच्या आत अमरावतीला आणि तिथून नागपूरला पोचणार, यात शंका नव्हती. त्यांच्यासोबत सवाष्ण म्हणून मंडळातल्या आणखी दोघीजणी होत्या. सगळ्यांनी मुकाट्याने फोन परडीत टाकले. अशोकरावांनी आपला फोन जरा जड हाताने टाकला.

नैवेद्य दाखवला. समईच्या उजेडात मुखवटे झळाळत होते, पुढे कुंकवाचा चौकोन, बाजूला पुरणावरणाची दोन ताटं. सरलाबाई एकट्याच मागे रेंगाळल्या. गुडघ्यावर हात ठेवून त्या वाकायच्या बेतात होत्या, तेवढ्यात हेरंबने त्यांचा दंड धरला. "चल आई, सगळे बाहेर गेले. पडशील इथे."

"अरे थांब नं जरा."

"देवी जेवायच्या खोळंबल्यात ना? तूच म्हणतेस." त्याने त्यांना अलगद बाहेर आणलं आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात दार ओढलं.

दार लागलं. कुलूप फिरल्याचा आवाज आला, आणि हेरंबने झटकन वळून दाराला धक्का दिला. दार नुसतं लोटायचं होतं. लावलेलं दार आपलं आपण कुलूपबंद होतं, ही सोय त्याने स्वतःच निवडली होती.

"काही नाही, अंगठा आहे की," तो म्हणाला.

डिंकाने गुळगुळीत झालेला अंगठा कुलपाने तपासला. "कृपया पुनः प्रयास करें." हेरंबने तो धोतराला पुसला, तोंडाच्या वाफेने ओला केला, दुसरा लावला. कुलूप विनयाने नाही म्हणत राहिलं. नेत्राने आपला अंगठा लावला. पहाटेपासूनच्या सोळा भाज्यांनंतर तो अंगठा तिचा आहे हे मानायला कुलूप तयार झालं नाही.

"आशू, तू लाव."

"पापा, मेरा नहीं चलेगा," आश्लेषा म्हणाली. "आपने ही सेट किया है. मेरा सिर्फ़ स्कूल से आने के टाइम चलता है. आज संडे है."

हे खरं होतं. तिने भलत्या वेळी बाहेर जाऊ-येऊ नये म्हणून हेरंबने ती व्यवस्था मोठ्या हौसेने केली होती. तरी त्याने तिचा अंगठा लावून पाहिला. कुलपाचा संयम इथे संपला. त्यावर लाल दिवा लागला, आणि बंद दाराआडून, आतल्या कपाटातल्या परडीतून, हेरंबचा फोन वाजला.

"काय झालं?" इंद्रायणीताईंनी विचारलं.

"कुणीतरी संशयित माणूस दार उघडायचा प्रयत्न करतोय, असं मला कळवलंय," हेरंब म्हणाला. "फोटोसकट."

अशोकरावांनी व्हरांड्याच्या कठड्याला टेकून हात बांधले. "म्हणजे तुझ्या घराने तुझी तक्रार तुझ्याकडेच केली. पक्की नोकरशाही आहे यार."

"मागचं दार?" एका सवाष्णीने सुचवलं.

"मांजर पुरणावर येते म्हणून मी आतून कडी घातलीय," नेत्रा म्हणाली. ती साधी लोखंडी कडी होती, आणि त्या दिवशी त्या घरात सांगितलेलं काम चोख करणारी तीच एक वस्तू ठरली.

व्हरांड्यात एक खिडकी होती, तिला पक्के गज. हेरंब त्या खिडकीशी गेला आणि गज धरून आत पाहू लागला. घर रिकामं झालं की काय करायचं, हे त्याने घराला शिकवून ठेवलं होतं. आत कुणी हलत नाही हे घराच्या लक्षात आलं होतं. दिवे विझले. पडदे सरकायला लागले आणि त्याच्याच आराशीच्या माळेत अडकून हातभर फट ठेवून थांबले. समई तेवढी शांतपणे जळत राहिली, कारण ती कशालाच जोडलेली नव्हती. आणि कोपऱ्यातून गुरगुरत कासव निघालं.

तो नेत्राच्या कानाशी लागला. "कासव सुटलंय."

"बंद कर."

"बटण फोनमध्ये आहे."

"देवींच्या अंगावर जाईल का?"

"मी नकाशावर तेवढा भाग लाल केला होता. पण काल त्याने नकाशा नवा केला. लाल राहिला की नाही, माहीत नाही."

नेत्राने डोळे मिटले. महालक्ष्म्यांच्या साड्यांचा घोळ जमिनीपर्यंत होता. कुंकवाचा चौकोन जमिनीवरच होता. ते पाऊल उमटायचं तर दूरच, कासव तो चौकोनच चाटून पुसून नेणार होतं, आणि हे पाहायला अमरावतीच्या इंद्रायणीताई हजर होत्या. "अठरा वर्षं मी वाट पाहिली हेरंब," ती हळू आवाजात म्हणाली, "आणि तुझ्या त्या डब्याने सगळं गिळायचं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हेरंबला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या खरेदीची लाज वाटली.

एव्हाना गडबड ऐकून खालून ग्रेवाल आंटी जिना चढून आल्या. "की होया पुत्तर? सारे बाहर क्यों खड़े हो?"

"आंटी जी, देवी माँ खाना खा रही हैं," नेत्रा म्हणाली.

ग्रेवाल आंटींनी डोक्यावर ओढणी घेतली आणि आवाज खाली आणला. "ते ताला?"

"वो भी लग गया."

आंटींच्या हातात फोन होता. त्या क्षणी तो फोन सगळ्यांना नैवेद्याइतकाच पवित्र वाटला. हेरंबने कुलपाच्या कंपनीला फोन लावला. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे हे त्याला बऱ्याचदा ऐकवल्यानंतर एक माणूस बोलायला आला.

"सर, आपके रजिस्टर्ड नंबर पर एक कोड भेजा है. वो बता दीजिए, मैं यहीं से लॉक खोल दूँगा."

परडीत फोन टिंग असा वाजला. सगळ्यांनी ऐकला.

"वो फ़ोन अंदर है."

"कोई बात नहीं सर, अंदर जाकर देख लीजिए."

"अंदर जाने के लिए ही तो कोड चाहिए."

"सर, सुरक्षा के लिए हम किसी और नंबर पर नहीं भेज सकते. टेक्नीशियन मंगलवार को आ जाएगा. और कोई सहायता?"

अशोकरावांना आता रंग चढला होता. "मला एक सांग हेरंब. आपण शाळेत असताना काय सांगायचे आपल्याला? मोटारी उडतील. एक गोळी खाल्ली की जेवण होईल. सुट्टीत चंद्रावर जाल. मी तर त्या उडत्या मोटारींच्या नादाने हवाई दलात गेलो. आणि मिळालं काय? दाराला विनंती करायची, पंख्याला परवानगी मागायची, आणि सकाळी उठून बघायचं तर घड्याळ म्हणतंय तुझी झोप नीट झाली नाही. अरे, मला माहीत आहे ती झाली नाही, मीच जागा होतो."

"तसं नाही अशोकराव," हेरंब म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता, पण श्रद्धा अजून शाबूत होती. "या सगळ्या सुरुवातीच्या गोष्टी आहेत. एकेक सुधारतच जाणार. हे कुलूप पाच वर्षांत..."

"पाच वर्षं आपण इथे बसायचं का?" इंद्रायणीताईंनी विचारलं. "मावशी, तुम्ही तरी सांगा काहीतरी."

सरलाबाई व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. दार लागल्यापासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. कमरेच्या बटव्यातून सुपारी काढून ती हातात धरून होत्या, पण कातरत नव्हत्या. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि नेत्राला त्याचा एकच अर्थ दिसत होता. महालक्ष्म्या नागपूरला चालल्या.

ग्रेवाल आंटी म्हणाल्या, "हथौड़ा ल्यावाँ? मेरे सरदारजी का है. एक मारो, खुल जाएगा."

"आणा," नेत्रा म्हणाली. तिने पदर खोचला. "माझं घर आहे, मी फोडते."

"नाही," सरलाबाई पहिल्यांदा बोलल्या. "जेवणाच्या वेळी दारावर घाव घालायचा नाही. भाड्याचं घर असलं म्हणून काय झालं."

त्या उठल्या. खुर्चीचा हात, कठडा, गज असं धरत धरत खिडकीशी गेल्या आणि पडद्याच्या फटीतून आत पाहू लागल्या. हेरंबने त्यांना बाजूला करायला हात पुढे केला आणि मागे घेतला. आतून गुरगुर ऐकू येत होती. ती जवळ आली, लांब गेली, स्वयंपाकघराकडे गेली, परत आली. सरलाबाई हलल्या नाहीत. त्या बराच वेळ पाहत होत्या, एकदा कपाळ गजांना टेकवून खाली जमिनीकडेही पाहिलं. शेवटी गुरगुर थांबली.

त्या वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा निवळला होता. "झालं त्यांचं जेवण," त्या म्हणाल्या, आणि कमरेच्या बटव्यात हात घालून सुपारी, अडकित्ता आणि लवंगांच्या खालून एक किल्ली काढली.

हेरंब किल्लीकडे पाहतच राहिला. "ही खणात होती."

"चपलांच्या कपाटात घराची किल्ली ठेवतात होय? परवाच काढून घेतली मी."

"मग आई, इतका वेळ दिली काहून नाहीस?" घाबरला की हेरंबच्या तोंडून अमरावती बाहेर पडायची.

"मला घाई नव्हती," सरलाबाई म्हणाल्या.

काळ्या चौकोनाखाली एक झाकण होतं, त्याच्या आत कुलपाने लाजल्यासारखं लपवलेलं किल्लीचं भोक. किल्ली फिरली. माणसं दिसताच दिवे लागले. नेत्रा सगळ्यांत पुढे होती, आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकून ती तशीच थांबली.

मुखवटे जागच्या जागी होते. साड्यांची एक चुणी मोडली नव्हती. कुंकवाचा चौकोन मात्र मधोमध ओला झाला होता, आणि तिथून निघून पांढऱ्याशुभ्र फरशीवरून लाल खुणा चालत गेल्या होत्या. लहान लहान, सारख्या अंतरावर, दोन ओळींत, एकमेकींच्या शेजारून. त्या आधी स्वयंपाकघरात गेल्या होत्या, ओट्यापाशी थांबून वळल्या होत्या. तिथून झोपायच्या खोलीत, मग आश्लेषाच्या अभ्यासाच्या टेबलाला वळसा घालून परत, आणि शेवटी फिकट होत होत कोपऱ्यात दिसेनाशा झाल्या होत्या. त्या कोपऱ्यात कासव आपल्या जागेवर बसून दिवा लुकलुकवत होतं, पण तिकडे बघायला कुणालाच सवड नव्हती.

"दोघी," इंद्रायणीताई म्हणाल्या. "मावशी, अमरावतीला एक पाऊल असायचं. इथे दोघी बहिणी हातात हात घालून सबंध घर बघून आल्यात." त्यांनी जमिनीला डोकं टेकवलं. दोघी सवाष्णींनी टेकवलं. ग्रेवाल आंटी दारातच चपला काढून "वाहेगुरू" म्हणाल्या. अशोकराव, ज्यांचा पाच मिनिटांपूर्वी कशावरच विश्वास नव्हता, ते खुणांवर पाय पडू नये म्हणून भिंतीला चिकटून उभे राहिले.

हेरंबने वाकून एक खूण पाहिली. चाकाच्या दातांचा ठसा होता, अगदी स्पष्ट. पाणी होतं, फडकं नव्हतं, म्हणून पुसलं गेलं नाही आणि ओल्या चाकांना कुंकू लागलं. दोन चाकं, दोन ओळी. शास्त्रज्ञाने जे करायला हवं ते करायला त्याने तोंड उघडलं. "त्याचं काय आहे, ही जी..."

"हेरंब," सरलाबाई म्हणाल्या, "पानं वाढायला घे."

पंगत झाली. इंद्रायणीताईंनी फोन हातात पडताच अमरावतीला कळवलं, आणि पुरणपोळीवर दुसऱ्यांदा तूप पडायच्या आत शिशिरच्या बायकोचा नागपूरहून फोन आला की वहिनी, तुमचं भाग्य थोर. नेत्राने तो फोन कानाला लावला आणि तिला धड बोलता येईना. सुख झालं होतं, पण कोपऱ्यातल्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे नजर गेली की हातातला घास परत ताटात जायचा.

पाहुणे गेल्यावर हेरंब स्वयंपाकघरात आला. सरलाबाई पाटावर पाय पसरून बसल्या होत्या, नेत्रा उरलेलं काढून ठेवत होती. "आई, मला खोटं सहन होत नाही," तो म्हणाला. "ती पावलं..."

"विड्याची पानं संपली आहेत. सेक्टर बावीसला चांगली मिळतात, असं इंद्रायणी म्हणत होती. जाऊन ये."

"पण आई..."

"जा नं बापा."

हेरंब गेला. जाताना दार नुसतं लोटून गेला. नेत्राने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि सासूच्या समोर येऊन बसली. "आई, मीच सांगते. तुमच्याशी खोटं बोलून मला महालक्ष्म्या नकोत. ते कासव फिरलं. ती चाकं आहेत."

"माहीत आहे. खिडकीतून पाहिलं नं मी."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

सरलाबाईंनी बाजूच्या वाटीत उरलेल्या कुंकवात पाण्याचा थेंब टाकला. उजव्या हाताची मूठ वळली, तिची करंगळीकडची कड त्या ओल्या कुंकवात बुडवली आणि फरशीवर टेकवली. मग बोटाच्या टोकाने वर पाच टिंबं दिली. अमरावतीचं ते इवलंसं पाऊल, दरवर्षीचं, नेत्राच्या समोर फरशीवर उमटलं.

"सगळे बाहेर गेले की थोरल्या सुनेने शेवटी निघायचं," सरलाबाई म्हणाल्या. "मला माझ्या सासूने दाखवलं, त्यांना त्यांच्या सासूने. आणखी कोणाला माहीत नसतं. इथे येतानाच मी ठरवून आले होते, महालक्ष्म्या तुझ्याकडेच राहायच्या. तुझ्याइतकं मनापासून कोणी केलं नाही त्यांचं. आज वाकायला गेले, तर तुझ्या नवऱ्याने दंडाला धरून बाहेर काढलं, आणि वर दार लावून टाकलं. बाहेर बसून मला रडू येत होतं पोरी. दार उघडलं आणि कुंकू कोरं निघालं तर काय सांगणार होते मी इंद्रायणीला? म्हणून किल्ली काढली नाही. म्हटलं, काहीतरी सुचेपर्यंत राहू दे बंद."

"आणि मग कासव दिसलं," नेत्रा म्हणाली.

"मग कासव दिसलं. माझ्या सासूला एक पाऊल जमायचं, मलाही एकच. या कासवाने सबंध घरभर काढली." सरलाबाईंनी गुडघ्यावरून हात फिरवला. "तो म्हणतो नं, बाईमाणसाला वाकावं लागणार नाही. इतक्या वर्षांत एवढी एक गोष्ट त्याची खरी निघाली. देवीच्या पुढ्यात कासव तर असतंच."

नेत्राला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि तिने सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं. बाहेरच्या खोलीत बराच वेळ कुणीच हललं नसल्यामुळे तिथले दिवे विझले. समई होतीच.

सरलाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मागच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या मळकट चौकोनाकडे पाहिलं.

"पुढच्या वर्षी मी येईन, नाही येईन," त्या म्हणाल्या. "पण नैवेद्याच्या आधी फडकं तेवढं आठवणीने काढत जा."